साठ रुपयांचा बोल्ट आणि बंद पडलेली पाणंद

(बोललेल्या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि गाव होटगी. सोलापूरहून रेल्वेनं निघालात की वाडीकडे जाणारा आणि विजयपूरकडे जाणारा रूळ जिथं वेगळा होतो, ते आमचं स्टेशन. आज कोडिंगवर काही बोलणार नाही. आज बोलायचंय सहाशे मीटरच्या एका रस्त्याबद्दल. म्हणजे रस्ता कसला, पाणंद. डांबरी सडकेपासून आमच्या वस्तीपर्यंत जाणारी.

मी लहान असताना त्या पाणंदीतून बैलगाडी आरामात जायची. मग बैल गेले, लोक मोटरसायकलवर आले. मोटरसायकलला एवढीशी वाट पुरते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ आत सरकत गेली आणि कुणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे निम्मं गाव कन्नड बोलतं, ते हिला बळ्ळारी जाली म्हणतात. ही बाभूळ इथली नव्हेच. मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांच्या काळात जळणासाठी आणि उजाड जमीन झाकायला म्हणून आणलेली. शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी गावभर पेरतात. पाऊस नसला तरी ती वाढते. दहा-बारा वर्षांत आमच्या पाणंदीचा बोगदा झाला.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात रात्री माझ्या काकांना घोणस चावली. १०८ ला फोन केला. गाडी आली पण, वेळेत आली. पण सडकेवरच थांबली, आत शिरेचना. मग बाजेवर घालून, मोबाइलच्या उजेडात, काट्यांतून चौघांनी काकांना बाहेर काढलं. सहाशे मीटरला पंचवीस मिनिटं लागली. काका वाचले. पण घोणशीचं विष किडनीवर जातं, तीन आठवडे दवाखान्यात काढले. मी तेव्हा पुण्यात होतो, फोन कानाला लावून. ती पंचवीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

तर ठरवलं, पाणंद मोकळी करायची.

पहिलं काम मशीनचं नव्हतंच, माणसांचं होतं. पाणंदीला लागून सात जणांची शेतं. वाट रुंद करायची म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, माझाच बांध जाणार. अप्पा म्हणाले, "आधी नकाशा आण. तोंडानं बोललास तर भांडण होतंय, कागदानं बोललास तर चर्चा होतीय." भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढली. आपल्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणून तर गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. वाटांची मापंही त्याच हिशोबातली: पायवाट साखळीचा पाव भाग, सव्वाआठ फूट. गाडीवाट अर्धी साखळी, साडेसोळा फूट, आणि त्याहून जास्त. नकाशावर आमची पाणंद तुटक दुहेरी रेषेत निघाली, म्हणजे गाडीवाट. मारुतीच्या पारावर नकाशा पसरला. सातांतले सहा तयार झाले.

सातवे आजोबा नाही म्हणाले. तहसीलदारांकडे जाता आलं असतं. वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, बांधावरून वाट मिळवायला १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण अप्पा म्हणाले, केस करून रस्ता मिळंल, त्या रस्त्यावरनं जाताना रामराम कोण घालणार? म्हणून आजोबांचा पट्टा तसाच सोडून कामाला लागलो.

आता मशीनबद्दल. ट्रॅक्टरच्या मागं तीन ठिकाणी अडकवायचा स्लॅशर. रोटाव्हेटर जमिनीत घुसतो, हा जमिनीच्या वर फिरतो. लोखंडी छताखाली एक जाड तबकडी, तिला दोन पाती, मोकळी लटकणारी. दगडाला धडकली तर पाती मागं दुमडतात. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, गिअरबॉक्स ते वाढवून आठशेच्या आसपास नेतो. पाच फुटी मशीन धरलं तर पात्याच्या टोकाचा वेग येतो ताशी सव्वादोनशे किलोमीटर. तुम्हीही गुणाकार करून बघा. त्या वेगानं उडालेला खडा हा खडा राहत नाही.

स्लॅशर भाड्यानं मिळाला. ट्रॅक्टर चुलतभावाचा, ५० एचपीचा. चालवायला गावातले अनुभवी दादा. महिना मार्चचा. ऊस तुटून गेलेला, काळी माती वाळलेली. पावसाळ्यात हे काम करायचंच नाही, ट्रॅक्टर रुततो. मात्र मार्चमध्ये गवत वाळलेलं असतं, पातं दगडावर घासलं की ठिणगी. म्हणून फवारणीचे दोन पंप पाण्यानं भरून बरोबर ठेवले.

आदल्या दिवशी आम्ही काठ्या घेऊन सगळी वाट चाललो. दगड बाजूला काढले, न निघणाऱ्याला चुन्याची खूण केली. जुनी काटेरी तार सापडली, ती गुंडाळून काढली. तार पात्यात गेली असती तर काय झालं असतं ते बोलायला नको. एका झुडपात होल्याचं घरटं होतं, ते झुडूप सोडलं. वाटेत दोन चिंचा आहेत, त्यांना हात लावला नाही. चिंच, आंबा, जांभूळ ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि कायदा नसता तरी त्या सावलीला कोण तोडतंय!

दुसऱ्या दिवशी काम सुरू. दादांनी ट्रॅक्टर उलटा घातला. मी विचारलं, "रिव्हर्समध्ये का?" ते म्हणाले, "साहेब, पुढनं घातला तर काटा आधी टायर खातोय. मागनं घातला तर आधी मशीन काटा खातंय." एवढं साधं. मनगटापेक्षा बारीक ते स्लॅशरनं, त्याहून जाड ते आधी करवतीनं कापायचं.

आता माझी चूक सांगतो, त्यासाठीच हा भाग करतोय.

पीटीओ शाफ्टवर एक शिअर बोल्ट असतो. मुद्दाम मऊ ठेवलेला. पातं खोडात अडकलं की हा बोल्ट तुटतो, ताकद तिथंच थांबते आणि गिअरबॉक्स वाचतो. आपल्या घरातल्या फ्यूजसारखा. सकाळपासून तो तीनदा तुटला. प्रत्येक वेळी वीस मिनिटं खोटी. चौथ्या वेळी मी हुशारी केली. स्टेशनजवळच्या दुकानातून साठ रुपयांचा चांगला कडक, हायटेन्साइल बोल्ट आणला. दादा म्हणाले, "ह्यो नको." मी म्हणालो, "दादा, मी इंजिनिअर आहे."

अर्ध्या तासात पातं एका बुंध्यात रुतलं. बोल्ट तुटला नाही. त्याऐवजी गिअरबॉक्सचं घर तडकलं, आतलं तेल सगळं जमिनीवर. भाड्याच्या मशीनची दुरुस्ती माझ्या खिशातून गेली, आणि चार दिवस काम बंद. दादा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रोजच्या नोकरीत एखादा ज्युनिअर सारखा येणारा एरर दाबून टाकतो तेव्हा मी त्याला झाडतो, की बाबा, एरर तुला काहीतरी सांगतोय. इथं बोल्ट मला तीनदा सांगत होता की हे खोड ह्या मशीनच्या आवाक्याबाहेरचं आहे. मी सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

आणि त्या चार दिवसांत डोक्यात आलं, की आपण थोडक्यात सुटलो. लोखंडच तडकलं. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर बहुतेक ट्रॅक्टरवर काढूनच टाकलेलं असतं, आमच्याही नव्हतं. शाफ्ट सेकंदाला नऊ वेढे घेतो. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक अडकलं, तर "बंद कर" म्हणेपर्यंत माणूस आत ओढला जातो. म्हणून दुसऱ्या फेरीआधी कव्हर बसवलं, मशीनच्या मागंपुढं साखळ्यांचे पडदे लावले. शंभर मीटरच्या आत माणूस नको, शेळी नको. मशीनला हात लावायचा तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, पाती थांबेपर्यंत उभं राहायचं. खाली वाकायचं असेल तर आधी लाकडी ठोकळे लावायचे, हायड्रॉलिकवर विश्वास ठेवायचा नाही.

पुढचं काम दोन दिवसांत झालं. एक पुढचं टायर पंक्चर झालं, कापलेल्या खुंटाचं टोक भाल्यासारखं राहतं. आणि एक लक्षात ठेवा, स्लॅशर ही अर्धीच गोष्ट. वेडी बाभूळ वरून कापली की खुंटातून एकाच्या जागी पाच फांद्या येतात. जमिनीखाली वीतभर खणून बुंधा काढावा लागतो. लहान आम्ही कुदळीनं काढले, मोठ्यांना जेसीबी लागला. लाकूड ज्याच्या बांधाचं त्याला, जळण म्हणून.

राहिला आजोबांचा पट्टा. काम संपल्याच्या संध्याकाळी ते स्वतः आले. मोकळ्या वाटेवरून काठी टेकत वस्तीपर्यंत चालत गेले, परत आले. मला म्हणाले, "माझा बांध नेतोय म्हणून भ्यालो होतो रे. उद्या सकाळी ट्रॅक्टर आण. पण चिंच ठेव." मी म्हणालो, "आजोबा, चिंच ठेवलीच आहे की."

यंदा पावसाळ्यानंतर पुन्हा फुटवे आलेत. दिवाळीला गेलो तेव्हा सात घरांतला एकेक माणूस कुदळ घेऊन आला, सकाळच्या तीन तासांत वाट साफ. काका पण आले होते. काम फारसं झेपलं नाही, पण चहा घेऊन सडकेपासून वस्तीपर्यंत तेच आले, चालत. मी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं.

तुमच्या गावची पाणंद अशी बंद असेल तर आधी नकाशा काढा, मग माणसं जोडा, मशीन शेवटी. आणि दादा "ह्यो नको" म्हणाले, तर ऐका.

चला, भेटू पुढच्या भागात. रामराम.