आधी कानामागे, मग केसांना

आज मला बोलायचंय ते गटाचं कर्ज काढून गावात पार्लर चालवणाऱ्या आपल्या बायांशी.

भुवया करायला गिऱ्हाईक येतं, पण केसांना रंग म्हटलं की "नको गं बाई" म्हणून उठतं. लग्नसराई सरली की गल्ला रिकामा. रंगाचं काम मात्र बारमाही आहे. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. महिना-दीड महिन्यात मुळाशी पांढरं दिसू लागतं आणि ताई परत येते. पण पहिल्या वेळी तिचा विश्वास बसला असेल, तरच!

म्हणून तिच्या पांढऱ्या केसांना नावं ठेवू नका. एवढंच विचारा, "ताई, घरी काय लावता? मेंदी की कलप?" ती बोलू लागली की तिची भीती कळते.

पहिली भीती त्रासाची, आणि ती खरी आहे. काळ्या रंगात आणि कलपात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याने खाज सुटते, डोळे-तोंड सुजतं. 'अमोनिया नाही' असं लिहिलेल्या पाकिटात आणि 'काळ्या मेंदी'तही ते असू शकतं. मागे चाललं म्हणून या वेळी चालेलच, असंही नाही. तेव्हा पाकिटावर सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून 48 तास थांबा. ही चाचणी फुकट करून द्या. लाली, खाज आली किंवा डोक्यात जखम असली, तर सरळ नाही म्हणा. भुवयांना तर हा रंग लावूच नका.

दुसरी भीती खर्चाची. दर आधीच सांगा. दर वेळी सगळे केस रंगवावे लागत नाहीत, नुसती मुळं केली तरी भागतं, हेही सांगा. लागेल तेवढाच रंग कालवा. उरलेला झाकून ठेवून दुसरीला लावू नका.

तिसरी भीती लोकांची. "या वयात?" किंवा "नवरा गेलाय, आता कशाला?" कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव बदलू शकतं, तर आपल्या खुर्चीवर तरी कुणाला कमी लेखू नये. तिला हवा असेल तर तिच्या मूळ केसांच्या जवळचा रंग सुचवा. नको असेल तर आग्रह नको.

एक वही ठेवा. नाव, तारीख, कोणतं पाकीट, चाचणीत काय झालं, सगळं लिहा. गटाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आपण मिळून पाहू. ज्या ताईला तुम्ही "तुम्हाला हा रंग सोसणार नाही" असं खरं सांगितलंत, ती घरी जाऊन तुमचं नाव चांगलंच घेईल.