जिल्ह्याचं नाव बदललं, दप्तराचं काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, रबरी शिक्के नवे आले. गाड्यांच्या नंबर प्लेटी मात्र तशाच राहिल्या. ट्रॅक्टर तुळजापूरचा असो की मोटारसायकल उमरग्याची, एमएच-२५ काल होता आणि आजही आहे. प्लेटवर जिल्ह्याचं नाव कधी लिहिलेलंच नव्हतं. तिथे एक क्रमांक होता, आणि नावाचं काहीही झालं तरी त्या क्रमांकाला धक्का लागणार नव्हता.

आता हाच प्रसंग कार्यालयातल्या संगणकावर घडवून पाहावा. कारकुनाने शोधपट्टीत ‘धाराशिव’ टाइप केलं, तर त्याच्या हाती लागतात नामांतरानंतरची पत्रं. त्याआधीची ‘उस्मानाबाद’मध्ये, काही ‘उस्मानाबाद जि.’मध्ये, आणि काही ‘साहेबांचं पत्र फायनल २’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये. ‘वाशी’ शोधावं तर धाराशिवच्या वाशी तालुक्याबरोबर नवी मुंबईही येऊन उभी राहते. कळंब आपल्याकडे आहे तसं यवतमाळ जिल्ह्यातही आहे. परंड्याचा कुणी परांडा करतो, उमरग्याचा कुणी ओमेरगा. त्यातून जुना मजकूर आयएसएम, श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर युनिकोडमध्ये शोधणाऱ्याला तो सापडतच नाही. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते.

कार्यालयात सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि सगळे कागद एका जागी सांभाळायचे यासाठी डिजिटल व्यासपीठ घेताना विचार कशाचा करायचा, हा आजचा विषय. बाजारात मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट आहे, गूगल वर्कस्पेस आहे, झोहो आहे. सरकारी कार्यालयांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं, ई-ऑफिस आहे. चर्चा सुरू होते ती कुठलं घ्यायचं इथून. खरं तर निर्णयातला तो सगळ्यात सोपा भाग. विक्रेत्याच्या डेमोमध्ये सगळंच छान चालतं, कारण डेमोत फायली विक्रेत्याच्या असतात.

आपल्या फायली कशा आहेत, ते या जिल्ह्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसेल. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याचं मुख्य ठाणं कधीकाळी नळदुर्गला होतं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. पुढे वाशी आणि लोहारा हे तालुके नव्याने झाले. दर फेरबदलात दप्तराची वाटणी होते, गठ्ठे इकडून तिकडे जातात, आणि कुठला गठ्ठा कुठे गेला याची यादी बहुधा एखाद्या जुन्या कारकुनाच्या डोक्यात राहते.

सप्टेंबर २०२३ मध्येच, म्हणजे नामांतराच्या त्याच महिन्यात, राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. आरक्षणाच्या राजकारणावर ज्याचं त्याचं मत असेल. इथे पाहायचं आहे ते दप्तर. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, सगळं खाली उतरवावं लागलं. काही कागद मोडीत, काही उर्दूत, काही फारसी वळणाचे. मोडी वाचणारे आणि उर्दू जाणणारे शोधावे लागले. समितीला हैदराबादचीही दप्तरं पाहावी लागली. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या, आणि त्यांच्या आधारे प्रमाणपत्रंही निघू लागली.

या मोहिमेतून एक गोष्ट लख्ख झाली. स्कॅन केलेलं पान म्हणजे कागदाचा फोटो. मोडीतल्या पानाचा फोटो संगणकात ठेवला म्हणून त्यातलं आडनाव शोधपट्टीत येत नाही. त्या पानाशेजारी गाव, वर्ष, नोंदीचा प्रकार, लिपी आणि मूळ रजिस्टराचा क्रमांक एवढं तरी माणसाने बसून भरावं लागतं. हे काम कंटाळवाणं असतं, महाग असतं, आणि निविदेत त्याला बहुतेक वेळा एक ओळ मिळते. व्यासपीठाचा खर्च काढताना परवान्याच्या रकमेइतकीच या भरणीची रक्कम धरायला हवी. गावाचं नाव भरताना त्याच्यासोबत पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला संकेतांकही भरावा. देशातल्या प्रत्येक गावाला तिथे वेगळा आकडा आहे. उद्या आणखी एखादं नाव बदललं तरी एमएच-२५ सारखं काम चालू राहतं. पदांचंही तेच. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. जुन्या फायलीत तलाठीच राहणार. दोन्ही शब्द एकाच पदाचे आहेत हे व्यासपीठाला कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

चुकीचा मजकूर संगणकात गेला तर काय होतं, हे शेतकऱ्याला विचारावं. सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखित उतारा आणि संगणकीय उतारा यांत फरक निघाले: कुठे क्षेत्र चुकलं, कुठे नाव. मग २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. गावकऱ्यांना बोलावून उतारे मोठ्याने वाचले गेले, चुका टिपल्या गेल्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्यांच्या नावचा कागद त्यांच्यासमोर तो वाचला, मग त्यावर डिजिटल सही आली. नवं व्यासपीठ घेणाऱ्या किती संस्था जुन्या याद्या सभासदांना दाखवून तपासून घेतात? फार थोड्या. बहुतेक ठिकाणी जुनी एक्सेल जशीच्या तशी ओतली जाते आणि मग पाच वर्षं ‘सिस्टिममध्ये चूक आहे’ हे ऐकत बसावं लागतं.

कागद किती काळ ठेवायचा हा प्रश्न तर महाराष्ट्राने संगणकाच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला आहे. महसुली कार्यालयात ‘अ’ वर्गाचा अभिलेख कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ वर्षभरानंतर नष्ट करायचा. टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठे पद्धत: कार्यवाहीतली प्रकरणं वेगळी, उत्तराची वाट पाहणारी वेगळी, नियतकालिकं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची वेगळी. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दप्तराची अशी शिस्त लावली, की पुढे ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रुळला. (त्या जिल्ह्याचंही नाव आता अहिल्यानगर झालं आहे.) परदेशी सल्लागार ‘कंटेंट मॅनेजमेंट’ म्हणून जे सांगतात, त्यातला बराचसा भाग अव्वल कारकुनाला तोंडपाठ असतो. गंमत अशी, की संगणक आला आणि हीच शिस्त सुटली. जागा स्वस्त म्हणून ‘ड’ वर्गाचं पत्र कुणी पुसत नाही, आणि ‘अ’ वर्गाचा ठराव कुणाच्या तरी लॅपटॉपवर राहून जातो.

आता तर कायदाही मध्ये आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा गुन्हा आहे. माहिती अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ अभिलेखांची सूची करून ठेवायला सांगतं. उलट बाजूने, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम संपल्यावर लोकांची माहिती उगाच साठवून ठेवू नका म्हणतो. म्हणजे काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरवणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही, आणि ते ठरवणं विक्रेत्याचं काम नाही.

एनआयसीच्या ई-ऑफिसमध्ये एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. टिपणी लिहिताना ती आधी पिवळ्या नोटवर मसुदा म्हणून लिहिता येते. तिथे खोडाखोड चालते. ती हिरव्या नोटवर कायम होऊन पुढे गेली की तिच्यात बदल होत नाही. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता पुढे पाठवली, आणि फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस थांबली, सगळं दिसतं. बदली झाली तर फाईल खुर्चीकडे राहते, व्यक्तीबरोबर जात नाही. साध्या दिसणाऱ्या या व्यवस्थेत बऱ्याच भांडणांचा निकाल लागून जातो.

प्रत्यक्षात मात्र काम चालतं व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘तातडीने माहिती सादर करावी’ हा निरोप ग्रुपवर येतो, माहितीचा फोटो ग्रुपवर जातो, ‘ओके सर’चे अंगठे पडतात आणि फाईलमध्ये काहीच राहत नाही. लोक आळशी आहेत म्हणून हे होत नाही. व्हॉट्सॲप मोबाईलवर आहे, मराठीत आहे, आणि लोडशेडिंगमध्येही चालतं. नवं व्यासपीठ भूमच्या एखाद्या गावात कमी रेंजवर उघडत नसेल, तर मुंबईत ते कितीही गोंडस दिसो, ग्रुप बंद होणार नाही. निवड करताना पहिली चाचणी तिथे घ्यावी, जिल्हा मुख्यालयाच्या एसी सभागृहात नव्हे.

सहकारात हीच परीक्षा सध्या चालू आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे आपल्या गावातली विविध कार्यकारी सोसायटी. संगणक आणि एकसारखं सॉफ्टवेअर मिळतं. पण जुन्या खातेवहीतली शिल्लक नव्या पडद्यावरच्या सुरुवातीच्या शिलकेशी जुळवायची कुणी? गटसचिवाने. त्याच्याकडे अनेकदा एकापेक्षा जास्त सोसायट्या असतात, पीककर्जाचा हंगाम डोक्यावर असतो, आणि काही काळ वही व संगणक दोन्ही लिहावं लागतं. व्यासपीठ पडतं ते बहुधा या महिन्यांत. त्या काळात गटसचिवाला एक जोडीदार दिला, तर त्याचा पगार वाया जात नाही.

राहिला प्रश्न बाहेर पडण्याचा. जुलै २०२५ मध्ये गुजरातच्या वाडिनारमध्ये तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. कारण युरोपीय संघाचे निर्बंध. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के वाटा. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि थोड्या दिवसांत सेवा परत सुरू झाली. पैसे भरलेले होते, कंपनी भारतातली होती, तरी स्वतःच्या ईमेलला कुलूप लागलं. मेटाने ‘वर्कप्लेस’ हे आपलं कार्यालयीन व्यासपीठ बंद करत असल्याचं मे २०२४ मध्ये जाहीर केलं आणि ग्राहकांना बिऱ्हाड हलवायला मुदत दिली. म्युनिक शहराने पालिकेचे संगणक मोठ्या जिद्दीने लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचं ठरवलं. आपल्या केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल झोहोकडे गेली तेव्हा पत्त्यातलं सरकारी डोमेन मात्र तसंच राहिलं. उद्या कंपनी बदलली तरी पत्ता बदलायला नको.

सगळं आपल्याच सर्व्हरवर ठेवलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. जुलै २०२५ मध्येच शेअरपॉइंटवर जगभर हल्ले झाले, आणि ते संस्थांनी स्वतःच्या जागेत बसवलेल्या सर्व्हरांवर. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या आवृत्तीला त्या त्रुटीचा फटका बसला नाही. सर्व्हर घरात ठेवायचा तर त्याला वेळेवर डागडुजी करणारा माणूसही घरात हवा. आणि प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, माणसं गेली, फायलींची राख झाली. त्यानंतर राज्यात फायली डिजिटल करण्याच्या कामाला जोर आला.

तेव्हा श्रोतेहो, आपल्यात साखर कारखान्याचे, पतसंस्थांचे, शिक्षण संस्थांचे जे पदाधिकारी बसले आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. विक्रेत्याशी करार करण्यापूर्वी आपले शंभर खरे कागद त्याला द्या: एक मोडीतलं पान, एक कृतीदेवमधला ठराव, एक ‘उस्मानाबाद’ लिहिलेलं पत्र, कळंबच्या दोन फायली. ते त्याच्या व्यासपीठात चढवायला लावा, नेहमीच्या कारकुनाला शोधायला बसवा, आणि मग सगळे जसेच्या तसे, नोंदींसकट, पेन ड्राइव्हवर परत मागा. शंभरच्या शंभर परत आले तर पुढची बैठक लावा. न आले तर चहा पाजून निरोप द्या.