मोर सांभाळायचा, पण कोणाच्या खर्चाने?

(बीड जिल्ह्यातील मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हा मोर-हरणांचे काय काढून बसला, असे तुम्हाला वाटेल. पण हा विषयही हिशेबाचाच आहे. तूर, हरभरा उगवून वर आला की रात्रीतून हरणांचा कळप येतो आणि शेंडे खुडून जातो. भुईमुगात रानडुकरे शिरतात. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे उतरतात. बियाणे आपले, मजुरी आपली, दुबार पेरणीचे कर्जही आपलेच. हा खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा?

आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते झाले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. नकाशावर त्याला हद्द आहे, पण मोराला ती कोणी दाखवलेली नाही. तो सकाळी डोंगरातून उतरतो, आमच्या रानात दाणे टिपतो, किडे खातो आणि सांजेला परत झाडावर जातो. म्हणजे अभयारण्य सरकारचे आणि त्याचे कोठार आमच्या शेतात!

शहरातली माणसे म्हणतात, शेतकरी जनावरांचा वैरी आहे. मी विचारतो, मोर आणि काळवीट आज टिकले कुठे? जिथे कोरडवाहू ज्वारी आहे, बांधावर बाभूळ-बोर आहे, गावाला गायरान आहे, तिथेच ना? मग त्यांना आजवर राखले कोणी?

शेजारच्या माळढोकाची गोष्ट ऐका. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, पिकती शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर शेतकऱ्याची एक पिढी त्या बंधनात गेली. आणि पक्षी? माळढोक जमिनीवर अंडे घालतो, बहुधा एकच. त्याला मोकळा माळ लागतो, ज्वारी-हरभऱ्याचे रान लागते, टोळ आणि किडे लागतात. माळ मोडले, ज्वारीच्या जागी ऊस आणि बागा आल्या, विजेच्या तारा आल्या. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे दुर्मिळ झाले आहे. सगळ्या देशात तो दीडशेच्या आत उरला, तोही बहुतेक राजस्थानात.

ज्वारी परवडली असती तर शेतकऱ्याने ती मोडली असती का? ज्वारीला दाम मिळाला असता, तर माळढोकाचे रान आपोआप राखले गेले असते. कागदावर बंधन घातल्याने पाखरू वाचत नाही. ज्याच्या रानात ते राहते, त्याला ते परवडले पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयीही बोलू. पेरणीच्या वेळी विष लावलेले दाणे बांधावर टाकणारे आपल्यातही आहेत. कोणी कुंपणाच्या तारेत थेट लाइटीचा करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, तसा रात्री पाणी द्यायला निघालेला आपलाच पोरगा चिकटतो. मोर तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो मारला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दाणे टाकून मारलेली पाखरे उद्या आपल्या कपाशीत लागणारच आहेत.

कोतवाल, वेडा राघू, साळुंकी ही पाखरे कपाशीतले पतंग आणि अळ्या टिपतात. त्यांना बसायला जागा लागते. एकरी आठ-दहा पक्षीथांबे उभे करा, दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या की झाले. कपाशीत अंतराअंतराने ज्वारीचे दाणे टोका, पाखरे त्या ताटांवर येतात. फवारणी करायचीच तर आधी निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची पूड, शंभर लिटर पाणी. पण खोटी आशा दाखवणार नाही. २०१७ साली ज्या गुलाबी बोंडअळीने आपल्याला बुडवले, ती बोंडात शिरली की पाखराच्या हाती लागत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावा आणि फरदड ठेवू नका. तरी एक फवारणी वाचली तर तेवढा पैसा घरात राहतो, आणि मोर-लांडोरही वाचते.

हे काम करणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी केंद्रात जखमी मोर, हरणे, पाखरे आणून बरी करतात आणि पुन्हा रानात सोडतात. विहिरीत पडलेले हरीण दिसले तर दगड मारण्याआधी अशा माणसांना किंवा वन खात्याला कळवा.

पण एकट्या शेतकऱ्याने पुण्य करत राहायचे आणि बाकीच्यांनी मोराचे फोटो काढायचे, हे चालणार नाही. हरणांनी, डुकरांनी पीक खाल्ले तर वन खात्याकडून भरपाई मिळते. पुष्कळांना हे ठाऊकच नाही. नुकसान दिसले की त्याच दिवशी अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या, पंचनामा उभ्या पिकात करून घ्या. भरपाई बाजारभावाने आणि हंगाम संपायच्या आत मिळावी, ही आपली मागणी. डोंगरकडेच्या गावांना सामुदायिक सौरकुंपण मिळावे, ही दुसरी. आणि ज्याने बांधावर झाड आणि गायरानात गवत राखले, त्याला त्याचा मोबदला मिळावा, ही तिसरी.

गावी गेल्यावर दोन गोष्टी करा. विषाचे दाणे आणि करंटची तार गावात बंद, असा ठराव ग्रामसभेत घ्या. आणि मागच्या हंगामात कोणाचे किती पीक जनावरांनी खाल्ले, त्याची गावाची एक यादी करून पुढच्या मेळाव्याला आणा. मोर आम्ही आजवर सांभाळला, पुढेही सांभाळू. पण त्याचा खर्च आता साऱ्या देशाच्या खात्यावर मांडू.