प्रसिद्ध असूनही

कवीची प्रसिद्धी किती लांब जाते, असे मला कुणी विचारले तर मी सांगतो, अकोल्याहून निघाली की मूर्तिजापूरपर्यंत. फार तर बडनेऱ्यापर्यंत. अमरावतीच्या बसस्थानकावर मी एकटाच उतरतो.

तरीही अधूनमधून सत्कार होतात. परिचय करून देणारे गृहस्थ एक वाक्य हमखास बोलतात, ‘मुस्लीम असूनही ते किती शुद्ध मराठी लिहितात!’ टाळ्या पडतात. मी मान लववतो. अहो, माझा आजा वऱ्हाडीत शिव्या द्यायचा. बी.ए.ला मी मराठी घेतले. पऱ्हाटी, निंदण, डवरा हे माझ्या घरातले शब्द. उर्दू येते ती दुकानाची पाटी वाचण्यापुरती. मग आश्चर्य कशाचे? पण व्यासपीठावर हे बोलता येत नाही. कौतुक करणाऱ्याचा चेहरा फार निष्पाप असतो.

शाल निवडतानाही मंडळी विचार करतात. इतरांना केशरी किंवा मरून मिळते, मला हिरवी. घरात अशा अकरा शाली साठल्या. बेगमने त्यातल्या दोन रजईच्या खोळीला लावल्या. शेवटी कुणीतरी कानाशी येऊन विचारतो, ‘नारळ चालतो ना तुम्हाला?’ चालतो हो. चटणीही चालते.

आता सुरेश भटांचे पाहा. १९३२ साली ते आमच्या अमरावतीत जन्मले आणि त्यांनी मराठीत गझल रुजवली. फारसीतून उर्दूत, उर्दूतून मराठीत आलेला हा प्रकार. पण ‘हिंदू असूनही काय गझल लिहितात’ असे त्यांच्याबद्दल कुणी म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. आणि सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमदबाबा आज सत्काराला आले, तर त्यांचा परिचय कसा करून देतील, याची मला उगाच उत्सुकता आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले. तिथे सगळेच ‘असूनही’. त्या शब्दाला तेवढीच सुटी मिळाली असावी.

प्रसिद्धीशी कसे वागावे, हे आमच्या वऱ्हाडात खरे कळले ते गाडगेबाबांना. शेंडगावचे हे डेबूजी मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढले. डोक्यावर खापर, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. पाया पडायला येणाऱ्याला काठी दाखवायचे. शाळा न शिकलेल्या या माणसाचे नाव २००५ साली अमरावती विद्यापीठाला दिले गेले. आता दरवर्षी हजारो पदव्यांवर ते छापले जाते. प्रसिद्धीपासून पळणाऱ्याला तिने असे गाठले. मी पळत नाही, म्हणून बहुधा ती माझ्याकडे फिरकत नाही.

नाही कसे म्हणू? त्याच मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ती मला एकदा भेटली होती. अकोल्यातल्या एका सत्काराचा फोटो पेपरात आला होता. दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टर मला निरखून पाहू लागला.

‘चाचा, तुमचा फोटू आलता ना पेपरात?’

मी कॉलर सारखी केली.

‘हिरवी शाल होती अंगावर. दर्ग्यातले ना तुमी?’

‘नाही हो. मी कवी आहे. मराठीत लिहितो.’

‘तेच ते. लेकीले चार दिवसापासून ताप हाये. काही लिहून देता का?’

‘डॉक्टरला दाखवलं का?’

‘दाखवलं ना. गोया चालू हायेत. पन तुमीबी द्या.’

त्याचे डोळे पाहून मला नाही म्हणवेना. डायरीचे पान फाडून मी माझ्याच एका कवितेच्या दोन ओळी लिहिल्या आणि घडी घालून दिल्या. त्याने ती घडी कपाळाला लावली, मग वरच्या खिशात ठेवली. माझ्या कवितेला इतका मान कोणत्याही समीक्षकाने आजवर दिलेला नाही.

महिनाभराने तोच कंडक्टर भेटला. त्याने मला खिडकीजवळ जागा करून दिली. ‘उतरला ताप, चाचा. शाळेत चालली आता.’ तिकीट फाडून झाल्यावर तो जरा वाकला आणि हळूच म्हणाला, ‘राग नका येऊ देऊ, उघडून पाह्यलं म्या. तुमची अरबी तं एकदम आपल्या मराठीवानीच दिसते हो!’