सैतान : व्यक्ती की प्रतीक?



आपली पुष्कळ मुले मिशनच्या शाळांत शिकतात. त्यांतील एखादे घरी येऊन विचारते, सैतान खरोखरीच असतो का? आपण उत्तर देतो की, आपले षड्रिपू तोच त्यांचा सैतान. उत्तर सोयीचे आहे. पण ख्रिस्ती शास्त्राला ते न्याय देते, असे आम्हांस वाटत नाही.

मूळ हिब्रू शब्द 'सातान'. अर्थ, विरोधक, आड येणारा. 'गणना' या पुस्तकात बलाम गाढवीवर बसून निघाला असता त्याची वाट अडविणारा सातान म्हणजे प्रत्यक्ष देवाचा दूत होय! ईयोबाच्या ग्रंथात तर ते एका पदाचे नाव दिसते. हा सातान देवाच्या दरबारात हजर होतो, ईयोबाच्या निष्ठेविषयी शंका काढतो, आणि मंजुरी मिळाल्यावाचून त्याच्या केसालाही धक्का लावीत नाही. आम्हां सरकारी नोकरांना हा गृहस्थ ओळखीचा वाटावा; दक्षता खात्याचा अधिकारीच जणू!

दावीद राजाने शिरगणती केली, ती कथा याहून बोलकी आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २४) परमेश्वराचा कोपच दावीदाला त्या कामास प्रवृत्त करतो. पुढील काळात रचलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय २१) कथा तीच, मात्र प्रवृत्त करणारा सैतान. पापाची प्रेरणा देवाच्या माथी मारणे नंतरच्या लेखकाला जड गेले असावे. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. एदेन बागेतील सर्पालाही उत्पत्तीच्या पुस्तकात कोठे सैतान म्हटलेले नाही. ती जोड प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात स्पष्टपणे येते.

मग सैतान हे केवळ प्रतीक काय? शुभवर्तमाने वाचताना तसे म्हणवत नाही. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूशी तो वाद घालतो, आणि तोही शास्त्रवचनांचा आधार घेऊन! लिहिणाऱ्यांच्या मनात तेथे कोणीतरी उभा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच मत्तयाच्या ग्रंथात येशू आपल्या लाडक्या पेत्रालाही सैतान म्हणून झिडकारतो. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या आचार्याने तर विचारले की, जगातील सर्व राज्ये दिसतील असा डोंगर असणार तरी कोठे? तो प्रसंग त्याने अक्षरशः घेतला नाही. सैतानाचे अस्तित्व मात्र मानले. कथा रूपकात्मक असणे आणि कथेतील पात्र काल्पनिक असणे, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. आपण त्या हटकून एक करतो.

कॅथलिक चर्चची भूमिका निःसंदिग्ध आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेने सांगितले की, सैतानालाही देवाने चांगलाच निर्मिला; तो दुष्ट झाला तो स्वतःच्या करणीने. पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली त्याच्या वास्तव अस्तित्वाचा पुनरुच्चार केला. उलट बुल्टमान या जर्मन प्रॉटेस्टंट पंडिताने १९४१ साली प्रतिपादिले होते की, भुताखेतांची ती भाषा आधुनिक मनुष्याला तशीच स्वीकारता येणार नाही.

आम्हांस स्वतःला सैतानाची व्यक्ती पटत नाही. परंतु ख्रिस्ती शेजाऱ्याच्या बाळाचा बाप्तिस्मा आम्ही पाहिला आहे. तेथे धर्मगुरू विचारतो, सैतानाचा त्याग करता काय? बाळाला अजून बोलता येत नसते. उत्तर आईबापांना आणि धर्ममातापित्यांना द्यावे लागते, स्वतःच्या तोंडाने आणि सर्वांदेखत.