दडून बसलेले किल्ले

किल्ला म्हटलं की सह्याद्री डोळ्यांपुढे येतो. आमच्या निलंग्याकडची मंडळीसुद्धा गाडी करून रायगड-प्रतापगडाला जातात आणि औशाचा किल्ला शेजारी असून बघायचा राहतो. यात त्यांचा दोष थोडा कमीच, कारण हा किल्ला सहज दिसूच नये अशा जागी बांधलेला आहे! चहूकडे चढाची जमीन आणि मधल्या खोलगटात किल्ला. उंच बुरुजावरून लांबून येणारी फौज दिसते. फौजेला मात्र किल्ल्याचा बराचसा भाग दिसत नाही. भोवती खंदक, आत दुहेरी तट. १६३६ मध्ये औसा आणि उदगीर हे दोन्ही किल्ले मोगलांकडे गेले. पुढे १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, ते याच टापूत. त्यानंतर वर्षभरातच पानिपत झालं, म्हणून या विजयाची आठवण फारशी निघत नाही.

निलंग्यातलं नीलकंठेश्वराचं मंदिर मला या किल्ल्यांहून जवळचं वाटतं. गाभारे तीन : एकात शिवलिंग, एकात विष्णू, एकात हरगौरी. बाहेरच्या भिंती कोनाकोनांनी वळत जातात आणि त्यांवर सुरसुंदरी उभ्या आहेत. दर्शन झालं की लोक थेट चपला घालतात. श्रोतेहो, तसं करू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात एक फेरी बाहेरून मारा.

या भागात दगडाविषयी बोलताना जपून बोलावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपात औसा, निलंगा, उमरगा तालुक्यांतली हजारो माणसं गेली, ती बहुतांशी दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. त्यानंतर दगडाचं घर म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा. पण सगळं दगडकाम सारखं नसतं. मंदिराचे दगड घडवून, एकमेकांत नीट बसवून रचलेले आहेत. आपल्या घरांच्या भिंतीला आतून-बाहेरून ओबडधोबड दगडांचे दोन थर, मध्ये चिखल आणि दगडांचे तुकडे, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा नवी माती पडायची, जुनी कोणी काढत नसे. ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं.

ही माती यायची कुठून? पुष्कळ गावांत ती गढीतून यायची. गढी म्हणजे गावच्या पाटला-देशमुखाचा मातीचा किल्ला. तिची पांढरी माती पाणी चांगलं अडवते, म्हणून टोपली-टोपलीनं गढी खणली गेली आणि छपरांवर चढली. अशा गावात बुरुज उरतो तो गाईच्या पाठीएवढा. त्यावर बाभळी, खाली उकिरडा. ना तिचा नकाशा कोणी काढलेला असतो, ना फोटो.

किल्ल्यांना आणि मंदिराला पाहुणे तरी येतात. गढीला कोण येणार? माझं एवढंच सांगणं, की दिवाळीच्या सुटीत पोरांना घेऊन आपल्याच गावच्या गढीवर जा. टेप लावून तिची लांबी-रुंदी मोजा, बुरुज किती होते ते म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. चार पावसाळ्यांनंतर पुन्हा मोजा.