घंगाळांतील शिल्लक

पैसा कोठें ठेवावा हें सांगणाऱ्यांची आज वाण नाहीं. वर्तमानपत्राचें पान उलटावें, तर मुदत ठेवींचे दर, सोन्याचा भाव आणि शेअरबाजाराचा ताप वाचल्याशिवाय सकाळचा चहा घशाखालीं उतरत नाहीं. सल्ला देणारी ही मंडळी विद्वान आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्या कितीतरी आधीं भंडारा जिल्ह्यांतील गृहिणीनें स्वतःची एक पेढी काढली होती, आणि ती स्वयंपाकघरांतील फळीवर मांडून ठेवली होती. आज त्या पेढीचा थोडासा हिशेब पाहूं.

भंडारा हें पितळेचें शहर म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. गांवाच्या नांवांतच भांडें आहे, असें कौतुकानें सांगणारे भेटतात. व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनीं मान हलविली तरी तें ते फारसें मनावर घेत नाहींत. वैनगंगेचें पाणी भरावयाला गुंड, तें तापवावयाला घंगाळ, भात शिजवावयाला गंज, कणीक मळावयाला परात, असा त्या फळीवरचा सरंजाम. (गुंड म्हणजे तिकडे पाण्याचें भांडें, पुण्याच्या श्रोत्यांनीं दचकूं नये.)

आतां या भांड्यांना मी पेढी कां म्हणतों? पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचा मिलाफ. साधारणतः दोन भाग तांबें आणि एक भाग जस्त. या दोन्ही धातूंना बाजारांत रोज भाव असतो. त्यामुळें भांडें चेपलें, फुटलें, तळ गेला, तरी त्याची किंमत संपत नाहीं. दुकानांत नेलें, कीं तें तराजूवर चढतें आणि मोडीच्या भावानें पैसे मिळतात. वीस वर्षें ज्यानें पाणी पाजलें तेंच शेवटीं जातांना रोख रक्कम हातावर ठेवून जातें. प्लॅस्टिकची बादली तडकली, म्हणजे भंगारवाला ती उपकार केल्यासारखी उचलून नेतो, एवढेंच.

अर्थात् ही पेढी धर्मादाय नव्हती. मोड घेतांना दुकानदार घट धरी. चिकटलेली राख आणि डागाचें कथील यांचें वजन वजा करी. आणि नव्या भांड्यावर घडणावळ लावी. घेतांना मोडीचा भाव, देतांना घडीव भाव. या दोहोंमधली जागा दुकानदाराच्या मुलांच्या शिक्षणासाठीं राखून ठेवलेली असे. देखभालीचा खर्च निराळाच. पितळेंत ताक किंवा चिंचेचें कांहीं राहिलें तर तें कळकतें, म्हणून आंतून कल्हई हवी. भाता, कथील आणि नवसागर घेऊन कल्हईवाला दारीं आला, म्हणजे गृहिणी जी घासाघीस करी, ती आजच्या खातेदारानें बँकेच्या खिडकीवर एकदां करून पाहावी! सेवाशुल्क घासाघिशीनें कमी करून घेणारा मनुष्य निदान माझ्या पाहण्यांत नाहीं.

या पेढीला एक कवच मात्र भक्कम होतें, आणि तें कायद्यानेंच दिलेलें होतें. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें साठावें कलम आजही अमलांत आहे. ऋणको, त्याची पत्नी आणि मुलें यांचीं जरुरीचीं वस्त्रें, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाचीं भांडीं यांवर जप्ती आणतां येत नाहीं, असें तें सांगतें. बेलिफ दारांत उभा, यजमान घाम पुसत आहेत, आणि बाईसाहेब गंजांतील भात निर्धास्तपणें ढवळीत आहेत, असें चित्र रंगवावयाला हरकत नाहीं. माळ्यावर चाळीस गुंड रचून ठेवणाऱ्यानें मात्र या कलमावर फारसें विसंबूं नये. शिवाय सावकारापुढें हें कवच लुळें पडे. त्याच्याकडे भांडीं आपण होऊन गहाण जात, आणि पुष्कळदां परत येत नसत.

माझ्या मतें या पेढीची खरी खुबी धातूपेक्षां नांवांत होती. लग्नांत दिलेल्या भांड्यावर टिंबाटिंबांनीं अक्षरें कोरीत: अमकीस मामाकडून सप्रेम भेट, खालीं तारीख. घर सासऱ्यांचें, शेत दिरांच्या सामाईकांतलें, पगार नवऱ्याचा. फळीवरचा हंडा तेवढा तिचा, आणि तसें त्याच्या कांठावर लिहिलेलें! तो मोडींत काढावयाचा, तर तिचें नांव वाचूनच तराजूवर ठेवावा लागे. त्या एका वाचनानें कित्येक हंडे घरीं परतले असतील. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्वाळा दिला, कीं स्त्रीधन सर्वस्वीं पत्नीचें असून सासरच्या मंडळींकडे तें केवळ विश्वासानें सोंपविलेलें असतें. नांव कोरणाऱ्या कारागिरानें हाच निकाल तीन इंच जागेंत आधींच लिहून ठेवला होता.

पुढें स्टेनलेस स्टील आलें. तें चकाकतें, कळकत नाहीं, कल्हई मागत नाहीं, आणि बोहारीण तें जुन्या लुगड्यांवर दारांत आणून देते. पितळ माळ्यावर गेलें, नाहींतर मोडींत गेलें. आणि गृहिणीची बचत कागदाची झाली. ती तांदळाच्या डब्यांत, डाळीच्या तळाशीं, देवघरांतल्या पोथींत जाऊन बसली. भंडारा हा भाताचा जिल्हा. तेथें तांदळाच्या डब्यांत खोलवर हात घालण्याचा उद्योग कोणी पुरुष करणार नाहीं, हें तिचें गणित अचूक होतें. पण ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं पांचशें आणि हजार रुपयांच्या नोटा मध्यरात्रीपासून रद्द झाल्याचें जाहीर केलें, आणि घरोघर डबे उपडे झाले. १९४६ आणि १९७८ सालींही मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या. त्या वेळीं ती बातमी तांदळाच्या डब्यापर्यंत पोहोंचली नव्हती. या खेपेस, ज्या रकमेचा नवऱ्याला बारा वर्षें पत्ता नव्हता, ती त्याच्याच हातीं मोजावयाला द्यावी लागली. घंगाळ असें मध्यरात्रीं रद्द होत नाहीं.

हें ऐकून कोणी ठेवी मोडून पितळ भरण्याची घाई करूं नये. बँक व्याज देते, हंडा देत नाहीं. बँकेंतील ठेवींना विम्याचें संरक्षण आहे. १९६२ सालीं त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती, ती फेब्रुवारी २०२० मध्यें पांच लाखांवर गेली. चोरीस गेलेल्या घंगाळाची भरपाई कोण देणार? शिवाय पितळ घासावें लागतें. चिंच आणि राख ज्यांच्या हातांना लागली, त्यांनीं स्टीलचें स्वागत केलें यांत नवल नाहीं. पितळेचे गोडवे गाणारे बहुधा तें न घासणारेच असतात.

राहतां राहिला नांवाचा प्रश्न. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘माझी लाडकी बहीण’ ही योजना सुरू केली; पात्र स्त्रियांच्या स्वतःच्या बँकखात्यांत दरमहा दीड हजार रुपये टाकावयाचे, असें तिचें स्वरूप. खातें तिचें, आधार तिचा, पासबुकावर नांव तिचें. हंड्यावरील कोरीव अक्षरांची ही नवी आवृत्तिच. फरक इतकाच, कीं हंडा तिच्या डोळ्यांसमोर असे. खात्याला मोबाइलचा क्रमांक जोडलेला असतो, आणि पुष्कळ घरांत तो यजमानांचा किंवा मुलाचा असतो. पैसे तिच्या खात्यांत जमा होतात. घंटी वाजते ती दुसऱ्याच्या खिशांत. तो क्रमांक बदलावयाचा, तर बँकेंत अर्ज द्यावा लागतो. त्यावर सही मात्र तिचीच लागते.